शिवेबाहेर घालवलेला दगड

माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरावर आकाशातून डोंगर कोसळावा, असं मी भर देवळात देवीजवळ मागितलं, असं खालच्या गावातले काही लोक अजूनही सांगत फिरतात. साफ खोटं आहे. एक तर तो डोंगर नव्हता, दगड होता, फार तर आमच्या शाळेच्या पटांगणाएवढा. दुसरं म्हणजे मागणारा दुसराच होता. मी फक्त 'होय म्हाराजा' म्हटलं. आता ते जरा मोठ्याने म्हटलं गेलं, हे कबूल. तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, हळू बोलायची सवयच राहिली नाही, त्याला मी काय करू?

आमची दोन गावं पावस आणि पूर्णगडच्या मध्ये आहेत. वरचं सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तो कातळ फोडून लावलेल्या आंब्याच्या कलमांत. खालचं खाडीच्या अंगाला, नारळीपोफळीत. मधून एक वहाळ जातो, पावसाळा सोडला तर कोरडाठाक, तीच आमची शीव. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिला खालच्या गावात दिली, म्हणजे लग्न लागल्यावर ती रडत रडत दहा मिनिटांत सासरी पोचली. भावोजी जाऊन सहा वर्षं झाली. एकुलता एक मुलगा मुंबईला, नोकरी चांगली, पण गेले दोन गणपती आणि दोन शिमगे त्याला यायला जमलेलं नाही. ताई त्याला कधी ये म्हणत नाही. फोनवर तिचं एकच पालुपद, "तुझं काम बघ हो, इथे सगळं व्यवस्थित आहे." आणि फोन ठेवला की दुसरा फोन मला.

माझा हा फोन रोज संध्याकाळी सात वाजता यायचा. विषय ठरलेले: गावात कोण आजारी, माझ्या बायकोची आमटी अजून पातळच होते का, आणि मी सकाळची गोळी घेतली का. मी करवादायचो, "अगं, मी सहासष्टचा झालो, कुकुलं बाळ नव्हे." ती म्हणायची, "मग गोळी घ्यायला विसरतोस कशाला, मेल्या?" वर्षानुवर्षं हे चाललं होतं. त्या फोनचं मोल मला कधी वाटलं नव्हतं. सात वाजले की तो वाजायचाच.

तर माघी गणपतीच्या उत्सवात यंदा मंडळाला वक्ता मिळेना. दरवर्षी कोणीतरी कीर्तनकार येतो, यंदा ठरलेल्या बुवांचा घसा बसला. म्हणून माझ्या गळ्यात माळ घातली. त्याच सुमारास पेपरात बातमी होती: आकाशात एक दगड सापडलाय, सात वर्षांनी पृथ्वीच्या वाटेत येणार आहे, आणि तो आदळण्याची शक्यता शंभरात एक किंवा थोडी वर आहे. मी म्हटलं, हाच विषय. जगाचा मोठा नकाशा देवळाच्या खांबाला टांगला आणि लाल खडूने त्यावर पट्टा ओढला. तो दगड आलाच तर ह्या पट्ट्यात कुठेतरी येईल असं शास्त्रज्ञ म्हणत होते. पट्टा समुद्र ओलांडून आफ्रिकेवरून निघाला, अरबी समुद्रात शिरला आणि आपल्या देशावरून पुढे गेला. खडू माझ्या हातून जरा जाड लागला. त्या जाडीत निम्मा रत्नागिरी जिल्हा बसला.

आयुष्यात माझ्या तासाला इतकी शांतता कधी नव्हती. मी आपला रंगात आलो. म्हटलं, घाबरू नका, आता माणूस हातावर हात धरून बसलेला नाही. मध्यंतरी एका यानाने अवकाशातल्या एका छोट्या लघुग्रहाला मुद्दाम धडक दिली आणि त्याची वाट बदलून दाखवली. गंमत अशी, की दगड दूर असताना, वर्षानुवर्षं आधी, त्याला जरासा धक्का दिला तरी पुरतो. जवळ आल्यावर मग डोकं आपटलंत तरी उपयोग नाही. जे काय करायचं ते आत्ता!

पुढच्या ओळीत आमच्या गावचे मानकरी बसले होते. वय पंचाहत्तर, देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे. गावात साथ येवो, बिबट्या येवो, कोणाची म्हैस हरवो, हेच देवीपुढे उभे राहून गावाच्या वतीने तिला सांगतात आणि मागून सगळा गाव 'होय म्हाराजा' म्हणून त्यावर शिक्का मारतो. ते उठले. म्हणाले, "गुरुजी, म्हंजे उशीर करून चालायचं नाय."

"अजिबात नाही," मी म्हटलं.

"दूर हाय तवर जरासं लोटलं तरी पुरं."

"शाब्बास!"

"मग उद्याच गाऱ्हानं घालू," ते म्हणाले, आणि सभा उठली.

मी खडू हातात घेऊन तसाच उभा. अहो, विज्ञान समजावून सांगितलं मी, आणि निर्णय काय तर गाऱ्हाणं! घरी येऊन मी बायकोपुढे तासभर थयथयाट केला. ती म्हणाली, "पण तुमचा मुद्दा त्यांना बरोबर कळला की. शाळेत कोणाला कळायचा का?"  दुसऱ्या दिवशी सकाळी मीही गेलो. का गेलो? न गेलो असतो तर लोक म्हणाले असते, दगड आणलान् आणि घरात लपून बसला.

देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. मानकऱ्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं.

"ह्या गावच्या आये, ग्रामदेवते म्हाराजा! आज जी तुजी लेकरं तुज्या दारात उबी हायत..."

"होय म्हाराजा!"

"ह्या गुरुजींनी सांगितल्यापरमानं, आबाळातून सात वर्सांनी जो काय दगड येनार हाय..."

"होय म्हाराजा!" इथे मी खूश होऊन म्हटलं. देवीपुढे आपलं नाव निघालं तर कोणाला बरं वाटणार नाही?

"तो आमच्या पोराबाळांवर, गुराढोरांवर, कलमांवर पडू देव नुको, आनि उचलून आमच्या शिवेच्या भायेर नेऊन घाल म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आता हे जे शेवटचं आहे ना, ते काही दगडासाठी नवीन काढलेलं नव्हतं. रोगराई असो, भूतबाधा असो, आमच्याकडे शंभर वर्षं ती शिवेबाहेरच घालवली जाते. शिवेबाहेर काय आहे, हे कोणी विचारत नाही. ताप शिवेबाहेर गेला की पुढे त्याचं काय होतं, ह्याची चौकशी आजवर झालेली नाही. पण ह्या खेपेला दोन गोष्टी नवीन होत्या. एक म्हणजे माझा नकाशा. दुसरी म्हणजे कोणीतरी मोबाईलवर सगळं टिपून घेतलं आणि दुपारच्या आत ते खालच्या गावाच्या ग्रुपवर जाऊन पोचलं.

त्या दिवशी ताईचा फोन सातऐवजी दोनला आला. मी जेवून आडवा झालो होतो.

"काय रे," ती म्हणाली, "तुमच्या शिवेच्या बाहेर कोण राहतं?"

मी झोपेत म्हटलं, "कोण राहतं?"

"मी राहते."

मी उठून बसलो. म्हटलं, "ताई, अगं ते बोलायची पद्धत असते."

"पद्धत असते ना? तो म्हातारा म्हणाला ती पद्धत. बाकी सगळे पुटपुटले तीही पद्धत. पण त्या सगळ्यांत एक आवाज असा खणखणीत, की माझी शेजारीण म्हणाली, 'अगोबाई, हा तर तुमचा भाऊ!' सगळ्या आळीने दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा मी स्वतः ऐकलं. कातळावरची कलमं वाचवलीस हो, बहिणीचं कौलारू घर काय, पडलं तर पडलं!"

"अगं, शंभरात एक शक्यता..."

"ती एक माझ्याकडे पाठवलीस ना?"

फोन बंद. संध्याकाळी सात वाजता वाजला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी केला तर उचलीना. बायकोने केला तर तिच्याशी अर्धा तास बोलली, आमटीची चौकशी केली, आणि शेवटी म्हणाली, "तुझ्या घरातल्या त्या माणसाला गोळीची आठवण कर." त्या माणसाला! मला इतकं लागलं ते. ताईचा अबोला म्हणजे साधं काम नव्हे. जावेशी एकदा धरलान् तो तीन वर्षं सुटला नाही, आणि तो नुसता फणसाच्या गऱ्यांवरून होता. इथे तर आख्खा दगड. मी गणित केलं: ती चौऱ्याहत्तरची, मी सहासष्टचा. तीन वर्षं आम्हाला परवडणारी नव्हती. खरं सांगतो, मी घाबरलो.

इकडे खालच्या गावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्याच होत्या. त्यांनी चार दिवसांत आपल्या देवळात आपलं गाऱ्हाणं घातलं: "ज्या कोनी हा दगड आमच्या वाटंला लावला आसंल, त्याच्या त्याला परत कर म्हाराजा." आणि नशीब बघा, त्याच आठवड्यात पेपरात आलं की शक्यता वाढून शंभरात तीनच्या घरात गेली! वरचं गाव हादरलं. मानकरी माझ्या घरी धावत आले. "गुरुजी, त्यांचं लागू पडलं. टक्का वाढला."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "अहो, घरात किल्ली हरवली तर तुम्ही एकेक खोली शोधता. पडवीत नाही, माजघरात नाही. जसजशा खोल्या बाद होतात तसतशी ती स्वयंपाकघरात असेल असं जास्त वाटतं की नाही? किल्ली हललेली नाही, आपला शोध पुढे गेलाय. उद्या स्वयंपाकघरही बघून होईल, आणि तिथेही नसली की टक्का एकदम शून्य."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आनि असली तर?"

मी बायकोला चहा टाकायला सांगितलं. 

प्रकरण हाताबाहेर गेलं ते शिमग्यामुळे. शिमग्यात आमच्या दोन्ही गावच्या पालख्या वहाळाकाठी भेटतात. दोघी देवी बहिणी आहेत असं मानतात. खालच्या गावाने निरोप धाडला: आमची देवी भेटीला येणार नाही, बहिणीवर दगड लोटणारीचं तोंडही बघायला नको.  निरोप देवीबद्दल होता, पण गावात सगळे माझ्याकडे बघत होते.

मग मीच पुढाकार घेतला. म्हटलं, दोन्ही गावं बसा, आणि एकच गाऱ्हाणं ठरवा. दोन्ही मानकऱ्यांनी मान्य केलं. दुपारी चारला, वहाळाच्या कोरड्या पात्रात, हे ह्या काठाला आणि ते त्या काठाला. खालच्या काठावर बायकांत ताई बसली होती. माझ्याकडे पाठ करून. पाठीवरूनसुद्धा मला कळत होतं की तिला सगळं ऐकू येतंय.

आमच्या मानकऱ्यांनी विषय काढला. "चुकी झाली. शिवेच्या भायेर म्हटलं, म्हंजे तुमच्यावर असं मनात नव्हतं. आता दोघांच्या शिवेच्या भायेर घालू. दक्षिनेला घालू."

"दक्षिनेला पूर्नगड," खालचे मानकरी म्हणाले. "माझी लेक दिलीय थयं."

"मग दर्यात."

त्याच वेळी पूर्णगडची एक मासेवाली टोपली डोक्यावर घेऊन वहाळातून चालली होती. ती थांबली. टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून तिने सगळ्यांकडे बघितलं. "दर्यात? दर्या रिकामा पडलाय काय? आमची मानसं आसतात दर्यात. आनि इतका मोठा धोंडा पडला तर पानी कुठं येल, तुमच्या बापाच्या घरी?"

विज्ञानाच्या दृष्टीने ती शंभर टक्के बरोबर होती. मी मोठ्याने "बरोबर!" म्हटलं. ताईची पाठ जरा ताठ झाली.

अरबस्तानाचं नाव निघालं, तर दोन्ही गावांतली मिळून अकरा पोरं तिथे कामाला. चीन म्हटलं, तर एकाच्या जावयाची बोट नेमकी तिथेच लागलेली. अमेरिका म्हटलं, तर एक आजोबा उठून नातीचा फोटोच दाखवायला लागले. घाटावर कोल्हापूरकडे घालू म्हणाले, तर बागायतदार ओरडले, "मग आंबा कोण घेईल?" मुंबईचं नाव कोणी काढलंच नाही, निम्मं गाव तिथेच आहे. पुण्याचं नाव निघालं तेव्हा मात्र बराच वेळ कोणी विरोध केला नाही. लोक विचार करताहेत असं दिसलं. शेवटी मागून एक बाप चाचरत म्हणाला की त्याची मुलगी तिथे वसतिगृहात आहे, पण परीक्षा झाल्यावर चालेल.

मला हसावं की रडावं कळेना. मी मध्ये उभा राहिलो आणि म्हटलं, "भांडू नका. तुम्हाला सांगतो, मोठमोठ्या शास्त्रज्ञांपुढेही हाच पेच आहे. दगडाला धक्का दिला आणि तो कमी पडला, तर दगड टळत नाही, नुसता सरकतो. एका देशावरून दुसऱ्या देशावर. मग धक्का द्यायला परवानगी कोणी द्यायची?"

"मग काय ठरलं त्येंचं?" आमच्या मानकऱ्यांनी विचारलं.

"अजून काही ठरलेलं नाही."

"मग आमच्यावर कशाला वरडताय?"

दोन्ही काठ हसले. तेवढ्यात ताई उठली. ती वळली, पण माझ्याकडे बघितलं नाही. खालच्या मानकऱ्यांना म्हणाली, "त्या माणसाला सांगा, बस म्हणावं खाली." मी बसलो. सगळ्या वर्गांना बसवणारा मी, मुकाट बसलो.

मग ती म्हणाली, "इथे नको, तिथे नको, सगळीकडे आपलं कोणी ना कोणी आहेच. तर मी म्हणते, पडायचाच असेल तर इथेच पडू दे. पण गणपतीत पडू दे. तेव्हा सगळी घरी असतात."

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. तिचा मुलगा दोन गणपती आलेला नाही, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि तिच्यासारख्या त्या वहाळात दोन्ही काठांना मिळून निदान पंधरा बायका होत्या. एक म्हातारी पदराला डोळे पुसायला लागली. मी वहाळातले गोटे बघत बसलो. 

शेवटी खालच्या मानकऱ्यांनी खाकरून घसा साफ केला आणि दोन्ही गावांनी मिळून गाऱ्हाणं घातलं: जिथे आपलं कोणीच नाही, अशा ठिकाणी ह्या दगडाला नेऊन घाल. सगळ्यांना पटलं. मासेवालीही त्यात सामील झाली, मग टोपली उचलून गेली. ताई मात्र माझ्याशी न बोलता घरी गेली. सात वाजता मी फोनसमोर बसलो होतो. वाजला नाही.

चार-पाच दिवसांनी सकाळीच बातमी आली: नवी निरीक्षणं झाली, शक्यता जवळपास शून्यावर आली. दगड पृथ्वीला चुकवून जाणार. पडलाच तर कदाचित चंद्रावर, आणि तीही शक्यता थोडीच. ही चंद्राची ओळ आमच्या मानकऱ्यांना वाचून दाखवली ही माझी चूक. ते ताडकन उभे राहिले. "चंद्रावर आपलं कोन हाय?"

"कोणी नाही."

"मग आनि काय सांगू तुमाला, गुरुजी!" ते म्हणाले आणि पंचा खांद्यावर टाकून सगळ्या गावाला सांगायला निघाले. त्यांना अडवण्यात अर्थ नव्हता. मी स्कूटर काढली आणि तडक खाली गेलो. अंगणातूनच ओरडलो, "ताई! दगड टळला! शून्य टक्के!"

ती स्वयंपाकघरातून पिठाच्या हाताने धावत बाहेर आली. सोळा दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते हे: "हळू बोल, मेल्या!"

मला इतका आनंद झाला, की मेल्या म्हटलं ते एखाद्या बक्षिसासारखं वाटलं. तिने मला पडवीत ओढलं, दार लोटलं, आणि विचारलं, "त्याला सांगितलंस?"

"कोणाला?"

"माझ्या मुलाला. सांगू नकोस. परवा मी त्याला फोन केला. म्हटलं, दगड येतोय म्हणतात, वय झालं माझं, एकदा येऊन जा. शिमग्याला येतो म्हणालाय. तिकीट काढलंय त्याने."

मी म्हटलं, "अगं, तो मुंबईत राहतो, विहिरीत नाही. पेपरात आलंय."

"तो पेपर वाचत नाही. त्याला वेळ कुठे असतो? तू तेवढं तोंड मिटून बस." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "तू सांगितलंस तर तो येणार नाही रे."

मी तेहतीस वर्षांत चुकीच्या उत्तराला कधी अर्धा गुण दिलेला नाही. मुख्याध्यापकांनी सांगूनही दिला नाही. पण त्या पडवीत उभा राहून मी बहिणीला वचन दिलं की शिमगा होईपर्यंत दगड येणार आहे. ती आत गेली, पीठ तसंच हाताला, आणि माझ्यासाठी चहा टाकला. सात वाजता फोन वाजला. "गोळी घेतलीस?" मी म्हटलं, घेतली. घेतली नव्हती, म्हणजे खोटं बोलायला सुरुवात झालीच होती.

त्यानंतरचे पंधरा दिवस माझी काय त्रेधा उडाली म्हणून सांगू! सगळा गाव देवीने दगड चंद्रावर घातल्याच्या आनंदात, आणि मानकरी तर येणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याला थांबवून ते सांगायला टपलेले. मी त्यांच्या हातापाया पडलो. म्हटलं, ताईचा मुलगा परत जाईपर्यंत थांबा. का, ते विचारू नका. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं नाही. म्हणाले, "माजा थोरला पन चार वर्सं नाय आला, गुरुजी. आधी सांगितलं आसतंत तर मी पन तसाच फोन केला असता." आणि सबंध शिमगाभर, जीभ नुसती शिवशिवत असताना, त्या माणसाने अवाक्षर काढलं नाही.

भाचा आला. पालख्यांची भेट झाली, तो पालखी खांद्यावर घेऊन नाचला, ताई काठावर उभी राहून सगळ्यांना, कोणी विचारो न विचारो, "तो निळ्या सदऱ्यातला माझा" म्हणून सांगत होती. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "मामा, चला, बागेत जरा फिरून येऊ." पोफळीत आल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही माझ्यापासून तोंड लपवत का फिरताय?"

मी म्हटलं, "मी? छे!"

"दगड येणार नाही, ते मला माहीत आहे. आईचा फोन आला त्याच आठवड्यात कळलं. मोबाईलवर आलं होतं."

मी म्हटलं, "मग तिकीट रद्द का नाही केलंस?"

तो पोफळीला हात लावून उभा राहिला. "मामा, मी कॉलेजला गेल्यापासून आई मला फोनवर एकच सांगते. तुझं काम बघ, इथे सगळं ठीक आहे. मला तेच खरं वाटायला लागलं होतं. ह्या वेळी ती पहिल्यांदा 'ये' म्हणाली. मग म्हटलं, कशाला विचारायचं दगड कुठपर्यंत आलाय ते. तुम्हीही तिला सांगू नका. मी दगडासाठी आलोय असंच तिला वाटू दे, नाहीतर म्हणेल, उगाच रजा घालवलीस."

मला त्याचा राग आला होता, दोन वर्षांचा साठलेला. तो मी मनातल्या मनात चार सणसणीत वाक्यांत तयारही ठेवला होता. ती वाक्यं कुठे गेली कोण जाणे. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही परत फिरलो.

ताईने पानं घेतली होती. वाढता वाढता तिने मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "काय रे, त्या दगडाचं पुढे काय म्हणतायत?"

भाचा खाली मान घालून भात कालवत होता. ताईचा हात ताटावर थांबला होता. मी दोघांकडे बघितलं आणि वर्गात सांगावं तशा खणखणीत आवाजात सांगितलं, "अजून काही नक्की सांगता येत नाही, ताई. शास्त्रज्ञ म्हणतात, आणखी बरीच वर्षं लक्ष ठेवावं लागेल. ह्याला गणपतीलाही यावं लागणार बहुतेक."

"मामा म्हणतात तर यायलाच हवं," तो म्हणाला.

"बरं हो," ताई म्हणाली, आणि त्याला भात वाढला.